मास्तरांचा रविवारचा गुडघा

मास्तर,

तुम्ही गेल्यावर कुसुमकाकूंनी तुमची गुडघ्याची पट्टी मला परत दिली. धुतलेली, वाळवलेली, नीट गुंडाळून वर चिमटा लावलेली. "तुझी हाय ही, ठेव," म्हणाल्या. मी अडतीस वर्षं नर्स आहे. अशा पट्ट्या किती बांधल्या आणि किती सोडल्या, गणती नाही. सतत वापरलेली पट्टी काही महिन्यांत लुळी पडते, तिचा ताण जातो. तुमची मात्र चार वर्षांनंतरही नवीकोरी. ती हातात घेऊन मी तुमच्या सोफ्यावर बसले आणि रडले, मग हसले, आणि काकूंनी दिलेला चहा गार होईपर्यंत माझं दोन्ही चालू होतं.

फादर म्हणाले, चर्चच्या अंकासाठी मास्तरांवर तू लिही. मी म्हटलं, फादर, मी तर त्यांच्याशी भांडायचे. ते म्हणाले, म्हणूनच. तर लिहितेय. तुमचा जन्म कुठे झाला, नोकरी किती वर्षं केली, मागे नातवंडं किती, ते तुमच्या मुलाने पत्रिकेत छापलंय, त्यात मी पडत नाही. मला तुमच्याशी राहिलेलं बोलायचंय. एक माफीही मागायचीय, पण ती थोडी नंतर. आधीच मागितली तर तुम्ही "बरं बरं, असू दे" म्हणून विषय बदलाल, तुमची ती खोड मला ठाऊक आहे.

मी आठ वर्षांची होते. आपलं गाव नगरकडचं, तुम्ही तिथले धर्मशिक्षक. सायकलवरून चार वाड्या फिरून पोरांना प्रार्थना शिकवायचात. त्या वर्षी आमची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी तीन महिने चालली होती. हे वाचणाऱ्यांत आपल्या बाहेरचंही कुणी असेल म्हणून सांगते. मिस्सा म्हणजे आमची उपासना. त्यात एक वेळ अशी येते की सगळे उठतात, रांग लावतात, आणि फादर एकेकाला ती पातळ पांढरी चकती देतात, तोच ख्रिस्तप्रसाद. आमच्या लेखी ती नुसती चकती नसते, तो प्रत्यक्ष प्रभू असतो. म्हणून सरावाला खरी चकती मिळायची नाही. तुम्ही काय करायचात? काकूंनी भाजलेल्या बाजरीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा सोलायचात, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने त्याच्या गोल चकत्या पाडायचात आणि आम्हा चौदा पोरांना रांगेत उभं करून एकेकाच्या जिभेवर ठेवायचात. "चावायचं नाही. विरघळू द्यायचं." बाजरीची भाकरी कुठली विरघळतेय! अर्धी पोरं खोकायची, एकाला तर ठसका लागून पाणी पाजावं लागलं होतं.

मी माझी चकती गिळली आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिले. तुम्ही ओळखलंत. "सुनंदा, भूक लागली का भक्ती?" मी म्हटलं, "भूक." बाकीची पोरं खो खो हसली. तुम्ही हसला नाहीत. उरलेली सगळी भाकरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हेच उत्तर बरोबर हाय." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, भाकरी मिळाली एवढंच कळलं.

खऱ्या दिवशी तुम्ही माझ्या मागे उभे होतात, खांद्यावर हात ठेवून. तो हात मला अजून आठवतो.

मधली वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत. चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत लग्न झालं. नऊ वर्षं टिकलं. त्या नऊ वर्षांबद्दल इथे लिहिणार नाही, त्यातलं एकच धडधाकट माझ्यासोबत बाहेर आलं, ती माझी लेक अश्विनी. कोर्टातून सुटका झाली. पुढे विनायक भेटला, आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमधला, विधुर, शांत माणूस. आम्ही नोंदणी करून लग्न केलं. कोर्टाच्या लेखी सगळं रीतसर. चर्चच्या लेखी माझं पहिलं लग्न अजून उभंच आहे, आणि ते उभं असताना मी दुसरा संसार थाटला. अशा माणसाने मिस्सेला यावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी, पण ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. ही शिकवण. मी ती लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकलेली, तेव्हा घडाघडा म्हणूनही दाखवलेली.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्याजवळ नांद्यात फ्लॅट घेतला. दोन्हीकडे भातखाचरं, मध्येच बावीस मजली टॉवर, आणि रस्त्याच्या कडेला आपलं चर्च, म्हणजे पत्र्याची शेड. सातची मराठी मिस्सा, नऊची इंग्रजी, हिंजवडीत कामाला आलेल्या मुलामुलींची. पहिल्याच रविवारी मी दारात चपला काढत होते तर मागून आवाज आला, "रांगेत दोनदा उभी राहणारी ना तू?" तुम्ही मुलाकडे राहायला आला होतात. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. विनायक स्कूटरवर बसून पेपर वाचत होता, त्याला मी ओरडून सांगितलं, "अहो, माझे मास्तर भेटले!" आणि त्या धुळीच्या रस्त्यात तुमच्या पाया पडले.

वाचनाची यादी तुमच्याकडे असायची. मिस्सेत बायबलमधला उतारा कोण वाचणार, ते तुम्ही ठरवायचात. तुम्ही लगेच माझं नाव घातलंत. तीन रविवार मी वाचलं. चौथ्या आठवड्यात तुम्ही सहज विचारलंत, "जावई कुठल्या चर्चचे?" मला खोटं बोलता आलं असतं. पण तुमच्यासमोर बोलता येईना, म्हणून सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढच्या रविवारी यादीत माझ्या नावावर लाल रेघ होती.

तुम्ही फादरांवर ढकलून मोकळे झाला असतात तर मी तुम्हाला विसरून गेले असते. पण तुम्ही मला बाजूला घेतलंत. "नाव मी काढलंय. फादरांनी न्हाई, मी. नियम हाय. दुसऱ्या कुणाचं काढलं असतं आणि तुझं ठेवलं असतं, तर मी कसला मास्तर?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तोंडाला येईल ते बोलले. "ख्रिस्तप्रसाद नाही तर नाही. बाजरीची भाकरी तरी मिळेल का मास्तर?"

तुमचा चेहरा पडला. ते बघून मला बरं वाटलं, हेही आज कबूल करते.

त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागले. आणि पुढच्याच रविवारी तुम्ही पहिल्या बाकावरची तुमची जागा सोडून तिथे येऊन बसलात, माझ्या शेजारी. "गुडघा धरलाय," म्हणालात. "उठून पुढं जायला न्हाई जमत." ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, सगळी शेड उठली, आणि तेवढ्या रिकाम्या बाकांत मी आणि तुम्ही दोघंच बसून. जे कधी असं बसले नाहीत त्यांना ते कळायचं नाही. लोक आपले पाय ओलांडून जातात आणि "सॉरी" म्हणतात. लहान पोरं वळून वळून बघतात. आपण प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घालतो आणि एक ओळ वाचत नाही. पण शेजारी कुणी बसलेलं असलं की ती पाच मिनिटं पाच मिनिटांचीच राहतात. हे मला तेव्हाही जाणवत होतं, फक्त त्याचं श्रेय मी तुमच्या गुडघ्याला देत होते.

नर्स ना मी! दुसऱ्याच रविवारी क्रेप पट्टी आणून दिली, बांधायची कशी ते दाखवलं, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम शिकवले. तुम्ही आज्ञाधारक पोरासारखे "व्हय, व्हय" म्हणत होतात. एका रविवारी पट्टी डाव्या गुडघ्यावर, पुढच्या रविवारी उजव्या. मी म्हटलं, "दोन्ही गेले वाटतं?" तुम्ही म्हणालात, "दुखणं फिरतं हाय." एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि मी मान डोलावली. एक्स-रे काढा म्हणून वर्षभर मागे लागले, तर दर वेळी तुमच्या सुनेला सुट्टी नसायची.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी फादर स्वतः ख्रिस्तप्रसाद घेऊन बाकापर्यंत येतात. पहिल्यांदा ते तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मान हलवून त्यांना परत पाठवलंत, आणि पुढे ते यायचे थांबले. गुडघा दुखतो म्हणून माणूस ख्रिस्तप्रसाद नाकारत नाही. नाकारतो तो मनावर काही पाप असलं तर. तेव्हा मास्तरांचं काहीतरी लपलेलं आहे, असं मी मनाशी धरून चालले. तुम्हाला नियम बोलायला काय जातं, असंही वाटायचं.

तोवर आमचं मंडळ सुरू झालं होतं. आम्ही सहाजण प्रापंचिक माणसं, ना फादर ना सिस्टर. मिस्सेनंतर शेडमागच्या करंजाखाली बसायचो. म्हणणं साधं होतं. चर्चमध्ये काय व्हावं हे लोकांनाही विचारा. इंग्रजी मिस्सेसाठी मराठी मिस्सेची वेळ पुढेमागे ढकलू नका. आणि माझ्यासारख्यांना, ज्यांचं पहिलं लग्न मोडलं आणि ज्यांनी दुसरं केलं, त्यांना ख्रिस्तप्रसाद घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडा. शेवटचं कलम माझं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमध्ये दोन तट पडले. काही जण आम्हाला भेटले की रस्ता बदलायचे. एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "तुम्हाला चर्च बदलायचंय, पण स्वतःला बदलायचं नाही." तुम्ही त्यांच्याच तटाचे होतात, आणि तरी दर रविवारी माझ्या शेजारी बसून माझ्याशी भांडत होतात. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की फादरांचं प्रवचन कुणालाच ऐकू यायचं नाही. तीच आपली वाद घालायची वेळ.

तुमचं म्हणणं असायचं, "लग्न म्हंजे दिलेला शब्द. माणूस वाईट निघाला म्हणून शब्द खोटा होत न्हाई. पण शब्दच मुळात नीट दिला गेला नव्हता, असं असंल तर चर्च मोकळं करतं. त्याची चौकशी होती, अर्ज असतो. रीतीनं ये."

मी म्हणायचे, "मी शब्द नीटच दिला होता, मास्तर. पुरती शुद्धीत होते. प्रेम होतं माझं त्या माणसावर. आता मोकळं व्हायचं म्हणून ते लग्न नव्हतंच, असं कागदावर कसं लिहू? अश्विनी त्याच घरात जन्मली."

"पोरीला त्यानं कसला बट्टा लागत न्हाई. चर्चच्या कायद्यात स्पष्ट हाय."

"कायद्यात नसेल लागत. मला लिहिताना लागेल."

एकदा यावर तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक मिटलंत. मग म्हणालात, "म्हंजे खरं बोलायचं म्हणून तू बाहेर बसणार?"

"हो."

"मग बस," तुम्ही म्हणालात. आणि बसलात.

कधी समजुतीचा सूर लावायचात. निदान हात छातीवर आडवे धरून रांगेत ये, फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, लहान पोरं येतात तशी. मी म्हणायचे, "मी अर्ध्या ताटावर बसत नाही." तुम्ही म्हणायचात, "हेकट हाईस." मी म्हणायचे, "शिकवलं कोणी?" समोरच्या बाकावरच्या बाई वळून डोळे वटारायच्या, आणि आपण दोघं पुस्तकात तोंड लपवायचो.

आता माफीचं.

आमचं मंडळ बिशपांना पत्र पाठवणार होतं. त्यावर सगळ्यांचं म्हणणं घ्यावं म्हणून एका रविवारी मिस्सेनंतर सभा ठेवली. तीस-चाळीस माणसं थांबली. तुम्ही उभे राहिलात आणि शांतपणे विरोध केलात. शिकवण हात वर करून ठरत नसते, ती आपल्याकडे सोपवलेली आहे, आपल्या सोयीने ती कापायची नसते. तुम्ही चांगलं बोलत होतात. लोक माना डोलावत होते. मला दिसत होतं की सभा आमच्या हातून चाललीय, आणि माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, तुम्ही स्वतः दोन वर्षं ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. आम्हाला नियम सांगण्याआधी तुमचं कुठलं पाप आहे ते सांगा."

बाहेर काँक्रीटचा ट्रक वळण घेत होता, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. काकू पहिल्या बाकावर होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. म्हणालात, "माझा गुडघा दुखतो, बाई," आणि खाली बसलात. जन्मात तुम्ही मला बाई म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी तुम्ही आलात, "सरक," म्हणालात आणि बसलात. प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी सरकवलंत. बघते तर तो अर्ज, चौकशीचा, कोरा. मी तो खूण म्हणून पुस्तकात ठेवून दिला. आणि आमचं पत्र? पोस्टाने नको, हातोहात द्यायला हवं होतं, आणि आमच्यातल्या कुणालाच आठवड्यात सुट्टी मिळेना. तुम्ही म्हणालात, "आणा इकडं. पत्र चुकीचं हाय, पण पोचलं पाहिजे." बस बदलत बदलत पुण्यात बिशपांच्या बंगल्यावर गेलात. आमचं पाकीट दिलंत, आणि सोबत तुमचं स्वतःचं, आमच्या विरोधातलं. तिथल्या फादरांनी दोन्ही घेतली आणि तुम्हाला चहा पाजला. परत आल्यावर तुम्ही तो चहा किती गोड होता तेवढंच सांगितलंत. दुसऱ्याचं म्हणणं पटत नसताना ते वाहून नेणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. तेव्हा मी "थँक्यू" असं नुसतं फेकलं होतं. आज नीट म्हणते. मास्तर, तुमचे फार उपकार आहेत.

पण त्या सभेतलं वाक्य मी परत घेतलं नाही. दर रविवारी वाटायचं, आज म्हणू. मग आपलं भांडण सुरू व्हायचं आणि ते राहून जायचं. तुम्ही आहातच, असं धरून चालले होते.

तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सेला शेड भरून माणसं बाहेर उभी होती. मी शेवटच्याच बाकावर होते. ख्रिस्तप्रसादाला सगळे उठले आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी एकटी बसून राहिले. ती पाच मिनिटं सरता सरेनात.

सगळं आटोपल्यावर शेवंताबाई झाडू घेऊन आल्या. शेडची किल्ली त्यांच्याकडे असते. मूळच्या वरच्या डोंगरवाडीच्या, आपल्या धर्माशी त्यांचा झाडण्यापुसण्यापुरता संबंध. माझ्याजवळ येऊन झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"ताई, मास्तर लई चांगलं मानूस हुतं वो. दर बुधवारी सकाळच्याला यायचं. पुढं जाऊन खाली फरशीवं दोनी गुडघं टेकायचं. मी म्हनायची, चटई टाकू का? तर म्हनायचं, नगं, सवय हाय."

"बुधवारी? गुडघे टेकून?" मी म्हटलं. "अहो, त्यांचे गुडघे दुखायचे."

"कुटं दुखायचं? फादरांकडनं ती गोल पापडी घेत्यात न्हवं तुमच्यात, ती घेतली की हात न टेकता उठायचं. गुडघा निस्ता ऐतवारी दुखायचा त्यांचा. मी म्हनलं, तुमच्यात तशी कायतरी रीत आसंल."

त्या पुन्हा झाडायला लागल्या. सगळ्या चर्चमध्ये एकट्या शेवंताबाईंना ते दिसलं होतं, आणि त्यांना ते आमच्या धर्मातलंच काही वाटलं होतं.

बाकीचं काकूंनी सांगितलं, पट्टी परत देताना. "तुझं नाव काढलं त्या दिवशी ह्ये जेवले न्हाईत. म्हणले, नियम मोडायचा म्हणलं तर मला जमायचं न्हाई. पण त्या पोरीला रांगेत उभं राहायला मी शिकवलं, तिला एकटीला बसवून मी पुढं कसा जाऊ? मी म्हणलं, मग करणार काय? तर म्हणले, मी बुधवारी घेतो. रविवारी तिच्यापाशी बसतो." मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही? सभेत मी एवढं बोलले तेव्हा तरी? काकू म्हणाल्या, "सांगू दिलं न्हाई. म्हणले, कळलं तर ती जागा बदलंल."

बदलली असती. तुम्ही मला आठव्या वर्षापासून ओळखता.

तर मास्तर, मला माफ करा. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांच्या अंकात लिहून मागते. तुमचं कुठलं पाप नव्हतं. तुमच्या मनातला देव आणि तुमच्या शेजारची मी, दोघांनाही सोडायचं नाही, एवढाच तुमचा हट्ट होता. त्यासाठी चार वर्षं लोकांच्या नजरा सोसल्यात, माझी जीभ सोसलीत, आणि धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधून व्यायाम शिकून घेतलेत. त्या व्यायामाचं आठवलं की मला आजही हसू येतं. मंडळातली आमची एक मैत्रीण म्हणाली, म्हणजे मास्तर मनातून आपल्या बाजूचे होते. मी तिला गप्प केलं. तुम्ही आमच्या बाजूचे नव्हता. तुम्हाला आमचं म्हणणं शेवटपर्यंत चुकीचं वाटलं, आणि मला तुमचं आजही पुरतं पटत नाही. ते मी कुणाला पुसू देणार नाही, कारण ते पुसलं तर तुम्ही काय केलंत तेच उरणार नाही.

परवाचा रविवार सांगते आणि थांबते.

काकू सुनेचा हात धरून आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या बाकाकडे न जाता बाक चाचपत चाचपत मागे आल्या आणि तुमच्या जागेवर बसल्या. मला वाटलं, तुमची आठवण येत असेल. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. सून म्हणाली, "आई, चला."

"तू जा," काकू म्हणाल्या. "माझा गुडघा दुखतोय."

सून माझ्याकडे बघत राहिली. मी काकूंच्या कानाशी गेले. "काकू, असं करू नका."

"का गं? ह्यांचा दुखायचा, तर माझा दुखू नये व्हय?"

"ते बुधवारी यायचे. तुम्हाला बुधवारी कोण आणणार?" घरात दोघंही कामाला जातात, मलाही सकाळची ड्यूटी असते. रविवार सोडला तर काकूंना दुसरा दिवस नाही.

"मग न्हाई मिळणार," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या. आवाजात तक्रार नव्हती. तुमच्यासोबत साठ वर्षं काढलेली बाई ती, हेका कुठून आला असेल ते सांगायला नको.

रांग संपत आली होती. मी बसून राहिले असते, तर काकूही बसून राहिल्या असत्या, या रविवारी, आणि त्याच्या पुढच्याही. मी उठले. "द्या हात."

"तू येतीस?"

"येते. अर्ध्या ताटावर."

शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. लोक बघत होते, आमच्या तटाचेही आणि तुमच्याही. त्या डोळे वटारणाऱ्या बाईंनी पाय आत घेऊन आम्हाला वाट दिली. काकूंनी जुन्या पद्धतीने जीभ पुढे केली, फादरांनी चकती ठेवली, काकूंनी ती न चावता तोंड मिटलं. मग फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी हात छातीवर आडवे धरले, लहान पोरं धरतात तसे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मागून कुणी खांद्याला धरलंय का, म्हणून मी वळून बघितलं, हे कुणाला सांगू नका.

आता तुम्ही जिंकलात असं समजू नका. तुमचा अर्ज माझ्या पुस्तकात कोराच आहे. आमचं मंडळ येत्या रविवारी करंजाखाली बसणार आहे, आणि माझं कलम मी मागे घेतलेलं नाही. पण काकूंना दर रविवारी पुढे न्यायचं काम आता माझं. रांगेत मी पुन्हा उभी राहिलेय, आणि भूक लागली का भक्ती म्हणून विचाराल, तर माझं उत्तर अजून तेच आहे, मास्तर. भूक.

तुमची,
सुनंदा